फिरते घर आणि सातपुड्याचे अरण्य : एका उन्हाळी सहलीची आखणी



मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी सहलीच्या गोष्टी निघू लागतात. कोणी आजोळी जातो, कोणी पचमढीस जातो, आणि कोणाच्या मनात वाघ पाहण्याची इच्छा असते. अलीकडे सहलीचा आणखी एक प्रकार लोकांच्या परिचयाचा होऊ लागला आहे. झोपण्याची बाके, लहानसे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि सामानाची फडताळे एकाच मोटारीत बसवून कुटुंबाने प्रवासास निघावयाचे, असा हा प्रकार आहे. अशा मोटारीस कॅरॅव्हॅन म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण तिला 'फिरते घर' म्हणू. अमेरिकेत अशी घरे घेऊन राष्ट्रीय उद्यानांस जाण्याची प्रथा फार रूढ आहे. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली या प्रकारच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जिथे असे तयार वाहन मिळत नाही, तिथे लोक टेंपो ट्रॅव्हलर भाड्याने घेऊन तिच्यातच शेगडी, पाण्याचे पिंप व अंथरुणे यांची व्यवस्था करतात.

फिरते घर घेऊन भोपाळहून एखाद्या राष्ट्रीय उद्यानास जावयाचे झाल्यास त्याची आखणी कशी करावी, हा या लेखाचा विषय आहे. आखणी म्हणजे केवळ सामानाची यादी नव्हे. तिच्यात भूगोल आहे, अंकगणित आहे, थोडे जीवशास्त्र आहे, आणि नागरिकशास्त्राचाही एक धडा आहे. तो धडा कोणता, हे क्रमाने पाहू.

१. स्थलनिर्णय

राष्ट्रीय उद्यान ही कल्पना फार जुनी नाही. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाणारे अमेरिकेतील यलोस्टोन १ मार्च १८७२ रोजी स्थापन झाले. भारतातील पहिले उद्यान १९३६ साली कुमाऊंच्या पायथ्याशी झाले. त्याचे त्या वेळचे नाव हेली उद्यान, आजचे जिम कॉर्बेट. आपल्या मध्य प्रदेशातील कान्हा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि सातपुडा १९८१ साली. प्रत्यक्ष भोपाळ शहरात, मोठ्या तलावाच्या काठी, वनविहार हे सुमारे साडेचार चौरस किलोमीटरांचे लहानसे राष्ट्रीय उद्यान आहे, हे तर आपण सारे जाणतोच.

मग जावयाचे कोठे? कीर्ती पाहावी तर कान्हा. कठीण जमिनीवर राहणारा बारशिंगा जगातून नाहीसा होण्याच्या बेतात होता. १९७० साली कान्ह्यात त्याची संख्या ६६ वर आली होती. तेथील वनाधिकाऱ्यांच्या परिश्रमांनी तो वाचला व वाढला. असे स्थळ पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु भोपाळहून कान्हा साडेचारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अवजड वाहनाचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर नुसत्या जाण्यास सव्वाअकरा तासांहून अधिक वेळ लागेल. तीन दिवसांच्या सहलीतील दोन दिवस रस्त्यावरच जातील.

सातपुडा राष्ट्रीय उद्यानाचे मढई येथील प्रवेशद्वार मात्र भोपाळपासून सुमारे १४५ किलोमीटरांवर आहे. येथे सागाची वने आणि साल वृक्षांची वने एकमेकांस भेटतात. रानगवा, अस्वल, बिबट्या, वाघ, सांबर यांचा येथे निवास आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी जो शेकरू, तोही येथील उंच झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेताना दिसतो. २०१५ साली कान्ह्याचे काही बारशिंगे येथे आणून सोडण्यात आले. तेव्हा जो बारशिंगा पाहण्यास कान्ह्यास जावयाचे, तो आता सातपुड्यातही आहे. या उद्यानास लागून असलेले बोरीचे अरण्य १८६५ साली राखीव झाले. देशातील सर्वांत जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते. या सर्व कारणांस्तव आपण सातपुड्याची निवड करू. जवळचे स्थळ निवडल्याने इंधन वाचते, शीण कमी होतो आणि अरण्यात घालविण्यास अधिक वेळ मिळतो, हा आखणीचा पहिला नियम होय.

२. काळ आणि त्याचे मर्म

मध्य प्रदेशातील व्याघ्रप्रकल्पांचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटकांसाठी बंद असतो. बुधवारी दुपारची फेरीही नसते. शाळेची सुट्टी मे आणि जूनमध्ये येते. तेव्हा विद्यार्थ्यांना उन्हाळ्याखेरीज दुसरा सोयीचा काळ सहसा मिळत नाही. आपण गुरुवारी निघून शनिवारी परतावे, असा बेत धरू. मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो तेव्हाचे नऊ दिवस आपल्याकडे 'नौतपा' म्हणून ओळखले जातात. लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर हे दिवस टाळणेच श्रेयस्कर.

उन्हाळ्यात वन्य पशू अधिक दिसतात, असे अनुभवी लोक सांगतात आणि ते खरे आहे. पण ते का दिसतात, याचा विचार फार थोडे लोक करतात. सागाची पाने गळून गेलेली असतात, त्यामुळे दृष्टी दूरवर पोहोचते, हे एक कारण. दुसरे आणि मोठे कारण असे की, ओढे आटतात, डोह उथळ होतात, आणि जिथे थोडे पाणी उरते तिथे साऱ्या अरण्याला यावे लागते. चिंकारा पुष्कळ दिवस पाण्यावाचून राहू शकतो. परंतु रानगव्याला पाणी रोज लागते. सांबरही पाण्यापासून फार दूर राहत नाही. वाघ तर उन्हाच्या वेळी पाण्यात बसून अंग थंड करतो. म्हणून वनखाते ठिकठिकाणी उथळ टाक्या बांधून त्यांत पाणी भरते.

सारांश, उन्हाळ्यात प्राणी आपणांस दिसतात ते त्यांना तहान लागलेली असते म्हणून. जी गोष्ट आपल्या आनंदाचे कारण, तीच त्यांच्या कष्टाचे कारण आहे. ज्या घरी पाण्याची चणचण आहे अशा घरी आपण भर दुपारी पाहुणे म्हणून जात आहोत. समंजस पाहुणा अशा वेळी काय करील? आपला तांब्या भरून बरोबर नेईल आणि यजमानाच्या माठाला हात लावणार नाही. आपल्या सहलीची सारी आखणी या एका विचाराभोवती करावयाची आहे.

३. मार्ग व वेळेचे गणित

आता मार्ग पाहू. भोपाळहून दक्षिणेस ओबेदुल्लागंजवरून ४५ किलोमीटरांवर भीमबेटका लागते. १९५७ साली विष्णू श्रीधर वाकणकर यांनी येथील चित्रगुहा उजेडात आणल्या, आणि २००३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा मान दिला. या खडकांवर सहस्रावधी वर्षांपूर्वीच्या माणसांनी हरणे, रानगवे, हत्ती व शिकारी रंगविले आहेत. जे पशू आपण उद्या जिवंत पाहणार, त्यांची चित्रे आज पाहून पुढे जाणे, हा या मार्गाचा विशेष लाभ होय.

भीमबेटका रातापानीच्या वनाला लागून आहे. हे अभयारण्य डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले, आणि त्यास वाकणकरांचेच नाव देण्याची घोषणा झाली. येथून बुधनीपर्यंतचा रस्ता व रेल्वेमार्ग वाघांच्या वावराच्या प्रदेशातून जातात. जुलै २०२४ मध्ये बुधनीजवळ मिडघाटात एका वाघिणीची तीन बछडी रेल्वेगाडीखाली सापडली. एक जागीच मेले, आणि दोन जखमींना खास रेल्वेगाडीने भोपाळास आणावे लागले. राष्ट्रीय उद्यान फाटकापासून सुरू होते असे आपण समजतो. वाघ तसे समजत नाही. म्हणून आपल्या सहलीत अरण्याचे नियम मढईस नव्हे, तर ओबेदुल्लागंजच्या पुढेच लागू होतात.

भीमबेटक्यापासून ३० किलोमीटरांवर नर्मदा ओलांडून आपण नर्मदापुरम येथे येतो. २०२२ सालापर्यंत या नगराचे नाव होशंगाबाद होते. येथील सेठानी घाटावर नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रेकरू दिसतात. ते नदी ओलांडीत नाहीत, काठाकाठानेच चालत जातात, आणि बरोबर केवळ खांद्यावर मावेल एवढेच सामान बाळगतात. फिरते घर भरताना त्यांचे स्मरण ठेवावे! पुढे कवी माखनलाल चतुर्वेदी यांचे जन्मगाव बाबई, म्हणजे आताचे माखननगर, लागते. नर्मदापुरमपासून सोहागपूर सुमारे ५० किलोमीटर, आणि सोहागपूरहून मढई सुमारे २० किलोमीटर. अंतरांची बेरीज अशी :

४५ + ३० + ५० + २० = १४५ किलोमीटर.

ताशी ४० किलोमीटर वेगाने १४५ किलोमीटर जाण्यास सुमारे ३ तास ३७ मिनिटे लागतात. भीमबेटका येथे सव्वा तास आणि नर्मदातीरी अर्धा तास मुक्काम धरला, तर एकंदर ५ तास २२ मिनिटे होतात. पहाटे साडेपाच वाजता निघाल्यास आपण अकराच्या आत मढईस पोहोचू. म्हणजे लू सुटण्यापूर्वी सावलीत बसता येईल. तेच सकाळी आठ वाजता निघालो, तर पोहोचण्यास जवळजवळ दीड वाजेल, आणि प्रवासाचा शेवटचा भाग भर उन्हात करावा लागेल.

कोणी म्हणेल, वेग वाढवून ताशी ६० किलोमीटर केला तर? तेव्हा प्रवासाला २ तास २५ मिनिटे लागतील. अर्थात सुमारे सव्वा तास वाचेल. परंतु घाटातून आणि वनातून अवजड वाहन वेगाने हाकणे माणसांसही धोक्याचे आणि पशूंसही. सव्वा तास लवकर उठले तर तोच लाभ कोणाच्याही जिवावर न उठता मिळतो. त्याचप्रमाणे रात्रीचा प्रवास टाळावा. रात्री दिव्यांच्या झोतापुढे हरिण दिपून जागीच उभे राहते.

४. पाण्याचा हिशेब

फिरत्या घरातील सर्वांत जड वस्तू कोणती? पलंग नव्हे, शेगडीही नव्हे, पाणी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकलो आहोत. आता उदाहरण सोडवू.

कुटुंबात सहा माणसे आहेत आणि सहल तीन दिवसांची आहे. दर माणशी दररोज पिण्यास ५ लिटर, स्वयंपाकास ३ लिटर आणि भांडी, हातपाय व अंग धुण्यास ७ लिटर, असे एकूण १५ लिटर पाणी धरू.

१५ × ६ × ३ = २७० लिटर.

वाटेत वाहन बिघडले किंवा कोणास उन्हाचा त्रास झाला, तर उपयोगी पडावे म्हणून चौथा हिस्सा, म्हणजे ६७.५ लिटर, जादा घेऊ. एकूण ३३७.५ लिटर झाले. याचे वजन पाच ते सहा प्रौढ माणसांइतके भरते! तेवढे वजन ओढण्यास इंधन अधिक लागणार हे उघड आहे.

आता काटकसर करून पाहू. जेवणास पळसाच्या पत्रावळी व द्रोण घेतले, भांडी आधी कागदाने पुसून मग धुतली, आणि स्नानाऐवजी ओल्या पंचाने अंग पुसले, तर धुण्याचे पाणी दर माणशी ७ वरून ४ लिटरांवर येते.

१२ × ६ × ३ = २१६ लिटर; चौथा हिस्सा जादा ५४; एकूण २७० लिटर.

म्हणजे ६७.५ लिटरांची बचत झाली. एका धडधाकट माणसाचे वजन गाडीतून उतरले. मात्र पिण्याच्या पाण्यात काटकसर करू नये, हे गृहिणींनी व मुलांनी पक्के ध्यानात ठेवावे. टाकीखेरीज मातीची सुरई किंवा कापडी छागल बरोबर असावी. तिच्यातून पाझरणारे पाणी बाष्परूप होताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते, आणि बर्फावाचून गार पाणी मिळते.

हे सारे पाणी भोपाळहून न्यावे. कमी पडल्यास नर्मदापुरम किंवा सोहागपूर या नगरांत भरून घ्यावे. वनाच्या काठावरील लहान गावांतील हातपंपांवर आपली टाकी भरू नये. मेमध्ये तेथील भूजल खोल गेलेले असते. आपले २७० लिटर म्हणजे तेथील कित्येक घरांचे दिवसाचे पिण्याचे पाणी होय. त्या बायाबापड्या आपणांस 'नाही' म्हणणार नाहीत, उलट घागर पुढे करतील. म्हणूनच मागण्याची वेळ न येऊ देणे हे आपले कर्तव्य आहे.

५. शिधा, इंधन आणि अग्नी

शिधा असा घ्यावा की जो टिकेल, फार शिजवावा लागणार नाही आणि तहान वाढविणार नाही. दशम्या, धपाटी, मेतकूट, सातूचे पीठ, गूळ, शेंगदाणे, कांदे आणि कैरी हे आपल्या आज्यांनी शेकडो उन्हाळ्यांत पारखून ठेवलेले प्रवासी अन्न आहे. कैरीचा गर घरीच उकडून, गूळ व मीठ घालून नेला, तर वाटेत पाणी मिसळताच पन्हे तयार होते. तिखट, तळकट व फार खारट पदार्थ टाळावेत.

इंधनाचे गणित सोपे आहे. जाऊन येऊन २९० किलोमीटर आणि इकडचे तिकडचे ४० किलोमीटर मिळून ३३० होतात. असे वाहन लिटरमागे ८ किलोमीटर जाते असे मानू; तर ३३० ÷ ८ = ४१.२५ लिटर डिझेल लागेल. परंतु मुक्कामी गारव्याच्या यंत्रासाठी रात्रभर इंजिन किंवा जनित्र चालू ठेवले, तर हा हिशेब कोलमडतो. शिवाय त्या आवाजात अरण्याची रात्र ऐकूच येत नाही. चितळाची भयसूचक हाक, घुबडाचा घूत्कार, दूरवर सांबराचे 'पोंक' हे ऐकण्यास आलो आणि यंत्राची घरघर ऐकून परतलो, असे होऊ नये. रात्री खिडक्यांना जाळी लावावी, ओले पडदे सोडावेत आणि यंत्र बंद ठेवावे.

अग्नीविषयी फार सावध असावे. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा काळ असतो. सागाची रुंद पाने जमिनीवर कुरकुरीत वाळून पडलेली असतात, आणि एका ठिणगीसरशी पेट घेतात. आग वाऱ्याबरोबर धावते; वाटेत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, कासवे, साप, कोवळी रोपे हे काहीच पळू शकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचण्यास सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत काही ठिकाणी आहे, आणि त्यातून वणवे लागतात हे खरे. परंतु ज्याची चूल मोहावर व तेंदूपत्त्यावर चालते, त्या वनवासी माणसाला बोल लावण्यापूर्वी, मोटारीतून फेकलेली विडी-सिगारेटची थोटके कोणाची असतात, हेही विचारले पाहिजे. आपल्या नियोजनात शेकोटी मुळीच नसावी. शेगडी केवळ परवानगी असलेल्या मुक्कामाच्या आवारात, मोकळ्या व झाडलेल्या जागी पेटवावी, आणि शेजारी वाळूची बादली असावी.

६. जिथे फिरते घर थांबते

अमेरिकेतील कित्येक राष्ट्रीय उद्यानांत फिरती घरे आत नेऊन नेमलेल्या तळांवर उभी करता येतात. मढईस तसे नाही. येथे उद्यानाच्या सीमेवर देनवा नदी आहे. गेल्या शतकातील सत्तरीच्या दशकात तवा नदीवरील मोठे धरण पूर्ण झाले, आणि त्याचे पाणी देनवेच्या पात्रातही पसरले. हे पाणी नावेने ओलांडून पलीकडे जावयाचे असते. आपले पलंग, शेगडी, टाकी, पडदे सारे अलीकडच्या तीरावर राहते. पलीकडे वनखात्याकडे नोंदविलेली उघडी जिप्सी गाडी आणि प्रशिक्षित मार्गदर्शक यांच्यासह जावे लागते. एका गाडीत सहा प्रवासी बसतात. सकाळची व दुपारची अशा ठराविक फेऱ्या असतात, त्यांची संख्या मर्यादित असते, आणि त्यांचे आरक्षण पुष्कळ आधी ऑनलाइन करावे लागते. आरक्षणाच्या वेळी दिलेले ओळखपत्र बरोबर असणे आवश्यक आहे. म्हणून सहलीची तारीख ठरविताना आधी आरक्षण आणि मग वाहन, असा क्रम असावा. वाहन आधी ठरवून फेरी न मिळाल्यामुळे फाटकावरून परतणारी कुटुंबे थोडी नाहीत.

रात्री फिरते घर कोठे उभे करावे, हेही निघण्यापूर्वीच निश्चित करावे. वनातील रस्त्याच्या कडेला, नदीच्या वाळूत किंवा कोणाच्या शेतात ते उभे करू नये. सोहागपूर किंवा मढई येथील एखाद्या विश्रामगृहाच्या आवारात, आगाऊ परवानगी व योग्य भाडे देऊन उभे करावे.

वाहने आत का सोडीत नाहीत, असे काहींना वाटते. त्याचे उत्तर पलीकडच्या तीरावर आहे. तेथील कुरणांपैकी काही ठिकाणी एके काळी गावे होती; गोंड आणि कोरकू कुटुंबे तेथे शेती करीत. उद्यानाच्या गाभ्यातील अनेक गावे गेल्या काही दशकांत बाहेर हलविण्यात आली, आणि त्यांच्या शेतांच्या जागी गवत वाढून तेथे चितळ, रानगवे व बारशिंगे चरू लागले. धरणानेही पुष्कळ गावे पाण्याखाली घेतली. ज्या शांततेचा आस्वाद घेण्यास आपण जातो, ती शांतता कोणीतरी आपले अंगण सोडून दिलेली आहे. ज्यांची घरे तेथे होती त्यांनी ती तेथून हलविली. मग केवळ तीन दिवसांची हौस म्हणून आपले चाकांवरचे घर आत नेण्याचा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरावा?

७. अरण्यातील वर्तन

पाहुण्याच्या वर्तनाचे नियम थोडे आहेत, पण ते मोडण्याचे मोह पुष्कळ आहेत. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. अत्तरे लावू नयेत. गाडीतून उतरू नये. माकडांस व वानरांस खाऊ घालू नये; माणसाच्या हातचे खाण्याची सवय लागलेले माकड पुढे घराघरांतून मार खाते. मार्गदर्शकास 'वाघ दाखवाच, बक्षीस देतो' असे म्हणू नये. या एका वाक्याने नियम मोडण्यास आपणच त्याला भरीस घालतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम पाणवठ्याचा. आपली गाडी प्राणी आणि पाणी यांच्या मध्ये उभी असेल, तर ती तत्काळ मागे घेण्यास सांगावे. सांबराची मादी पाडसासह झाडीच्या कडेला उभी राहून पाण्याकडे टक लावून पाहते. गाडी हलत नाही, ती पुढे येत नाही, आणि थोड्या वेळाने तहानलेलीच मागे फिरते. गाडीतील मंडळी म्हणतात, 'छान दर्शन झाले!' त्या दर्शनाची किंमत कोणी दिली, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

कचऱ्याचा नियम सोपा आहे. जे बरोबर नेले त्यांतील जे उरेल ते परत आणावे. वहीच्या एका पानावर दोन रकाने आखावेत : 'नेले' आणि 'परत आणले'. पिशव्या, बाटल्या, वेष्टने मोजून नेली म्हणजे मोजून आणता येतात. हे काम घरातील सर्वांत धाकट्या मुलाकडे सोपवावे. ते ते फार कसोशीने करते.

शेवटी, वाघ न दिसल्यास काय, याचाही विचार आधीच करून ठेवावा. ज्याची सारी सहल वाघावर उभी आहे, त्याची निराशा होण्याचा संभव फार. म्हणून प्रत्येकाने एकेक अभ्यास वाटून घ्यावा. एकाने झाडांच्या सालींचे रेखाटन करावे, एकाने पक्ष्यांची यादी करावी, एकाने पाणवठ्याभोवतीच्या पावलांचे ठसे ओळखण्यास शिकावे, आणि एकाने मार्गदर्शकाकडून गोंडी व कोरकू भाषांतील प्राण्यांची नावे विचारून लिहून घ्यावीत. मग कोणीही रिकाम्या हाताने परतणार नाही, आणि अरण्यातून काही उचलूनही आणावे लागणार नाही.

८. समारोप

अशी ही आखणी आहे. तिच्यात खर्चाची यादी आहे तशी वर्ज्य गोष्टींचीही यादी आहे; आणि दुसरी यादी पहिलीहून अधिक काळजीने केली पाहिजे. चांगला प्रवासी किती सोयी बरोबर नेतो यावरून ओळखला जात नाही. त्याच्या जाण्याने यजमानाला किती थोडा त्रास झाला, यावरून तो ओळखला जातो. जूनच्या अखेरीस पाऊस येईल, ओढे वाहू लागतील, उद्यानाची फाटके बंद होतील, आणि आपल्या चाकांच्या खुणा धुऊन जातील. त्या वेळी धुऊन न जाणारे असे आपले काहीही तेथे मागे राहिलेले नसावे.

स्वाध्याय

१. आठ माणसांच्या कुटुंबास चार दिवसांसाठी, दर माणशी दररोज १२ लिटर याप्रमाणे किती पाणी लागेल? चौथा हिस्सा जादा धरून त्याचे वजन काढा.

२. भोपाळ ते मढई हा मार्ग नकाशावर काढा. त्यावर नर्मदा, देनवा, रातापानी व भीमबेटका दाखवा. वन्य प्राणी रस्ता ओलांडण्याचा संभव कोठे अधिक आहे, ते खुणेने दाखवा.

३. मातीच्या सुरईतील पाणी गार का होते? दमट हवेत ते तितके गार का होत नाही?

४. आपल्या घरातील वडील माणसांना विचारून, त्यांच्या लहानपणी उन्हाळ्याच्या प्रवासात कोणते अन्न व किती पाणी बरोबर घेत असत, ते दहा ओळींत लिहा.

५. 'नेले' आणि 'परत आणले' असे दोन रकाने करून आपल्या पुढील सहलीची यादी तयार करा. पहिल्या रकान्यातील कोणत्या पाच वस्तू घरीच ठेवता येतील, ते सांगा.